विभाज्य: होय

मी भांडणं मिटवते. आजवर दोनशे अकरा मिटवली आहेत, आणि त्यातल्या एकाही भांडणासाठी मला खुर्चीवरून उठावं लागलेलं नाही. पाणी प्यायला उठले असेन, तेवढंच.

आमची कंपनी ऑनलाइन तंटे सोडवते. पायऱ्या तीन. आधी दोन्ही पक्ष आमच्या पडद्यावर एकमेकांशी बोलणी करतात. ती फिसकटली की मध्यस्थ येतो, म्हणजे मी. मध्यस्थाचंही काही चाललं नाही, तर प्रकरण लवादाकडे जातं. लवाद म्हणजे पंच. तो कुणाचं मन वळवत बसत नाही. निकाल देतो आणि आपल्या वाटेने जातो. माझ्या खात्याच्या उजव्या कोपऱ्यात एक ओळ असते: 'लवादाकडे गेलेली प्रकरणं: ०'. तो शून्य मी रोज सकाळी बघते. लोक आरशात बघतात, तसा.

घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. बाबा सत्तावीस वर्षं फुटबॉलचे पंच होते. त्यांना माझं काम समजतं, पण पटत नाही. दोघांनाही बरं वाटलं पाहिजे, हा काय प्रकार आहे, असं ते विचारतात. ते शिट्टी वाजवायचे तेव्हा बावीसच्या बावीस जणांना वाईट वाटायचं, पण खेळ पुढे चालायचा. त्यावर मी त्यांना माझा शून्य दाखवते. ते म्हणतात, शून्य-शून्य सुटलेला सामना कुणाच्या लक्षात राहत नाही.

तर दोनशे बारावं प्रकरण. ते संपल्यावर कंपनीने मला 'प्रकरण-समाप्ती अहवाल' भरायला दिला आहे. प्रत्येक रकान्यात जागा अडीचशे अक्षरांची. अडीचशे अक्षरांत माझी बाजू मावत नाही. म्हणून एका खिडकीत फॉर्म उघडा ठेवलाय आणि दुसऱ्या खिडकीत तुम्हाला सांगते आहे.

रकाना १. पक्षकार

दोन शिंपी. उंच आहेत ते कोट शिवतात, बुटके आहेत ते लहान मुलींचे फ्रॉक शिवतात. आपण त्यांना कोटमास्तर आणि फ्रॉकमास्तर म्हणू. दोघं एकाच माणसाच्या हाताखाली कात्री धरायला शिकले. त्यांना ते थोरले मास्तर म्हणतात. थोरले मास्तर जाताना दुकान आणि कापड कापायचं टेबल दोघांच्या हवाली करून गेले. कागदावर काही नाही. त्यानंतर एकतीस वर्षं हे दोघं एकाच खोलीत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना, समोरासमोर उभे राहून कापड कापत आले.

दुकान पहिल्या मजल्यावर आहे. जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत. हा आकडा तेव्हा मला माहीत नव्हता. आता माझ्या पोटऱ्यांना माहीत आहे.

थोरल्या मास्तरांनी घालून दिलेला एक नियम दुकानात चालतो: दोरा संपला की ज्याचा संपला, त्याने खाली जाऊन समोरच्या दुकानातून आणायचा. हा नियम तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवला नाही.

रकाना २. वादाचं स्वरूप

कोटमास्तरांना दुकान सोडून लेकीच्या घराच्या तळमजल्यावर जायचं होतं, आणि जाताना टेबल न्यायचं होतं. फ्रॉकमास्तरांचं म्हणणं, माणूस गेला तर जाऊ दे, टेबल जाणार नाही. तक्रार माझ्याकडे आली तोवर त्यांचं बोलणं बंद होऊन तीन महिने झाले होते. दिवससुद्धा वाटून घेतला होता. सकाळी कोटमास्तर, दुपारी एकनंतर फ्रॉकमास्तर. एकाने कुलूप लावायचं आणि दुसऱ्याने उघडायचं, या दोन्हींच्या मध्ये दहा मिनिटं मोकळी सोडलेली. जिन्यात गाठ पडायला नको म्हणून.

तक्रारीला टेबलाचा फोटो जोडलेला होता. साडेतेरा फूट लांब, जाड फळीचं, आणि बरोबर मध्यावर एक काळी आडवी रेघ. मी ओळखलं: ही दोन टेबलं आहेत, एकमेकांना लावून ठेवलेली, आणि ही त्यांच्यामधली फट. इतकं सोपं प्रकरण मी जन्मात पाहिलं नव्हतं. फॉर्मवर प्रश्न असतो, 'वादातली वस्तू विभाज्य आहे काय?' मी 'होय'वर टिचकी मारली आणि बाबांना म्हटलं, हे आठवड्यात गुंडाळते.

बाबांनी विचारलं, टेबल बघितलंस का.

मी म्हटलं, फोटो बघितलाय.

"मैदानावर न जाता ऑफसाइड देऊ नये," असं म्हणून ते भाजी चिरायला गेले.

रकाना ३. वापरलेली साधनं

इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळी गंमत या साधनात आहे. गंमत हा शब्द मी फॉर्ममध्ये वापरलेला नाही.

आमच्याकडे पक्षकार जे लिहितो, ते समोरच्याला जसंच्या तसं जात नाही. यंत्र आधी ते वाचतं, त्यातले काटे वेचून काढतं आणि मग वाढतं. त्याच्या तीन पातळ्या आहेत: सौम्य, अतिसौम्य आणि स्नेहपूर्ण. नवखे मध्यस्थ 'सौम्य' लावतात. मी पहिल्या दिवसापासून 'स्नेहपूर्ण'वर आहे. प्रत्येक निरोपाखाली 'मूळ' नावाचं एक बारीक बटण असतं. ते दाबलं की पक्षकाराने खरं काय लिहिलं होतं, ते मध्यस्थाला दिसतं. फक्त मध्यस्थाला. मी ते दाबत नसे. जेवायला गेलेल्या माणसाने मोरीत डोकावू नये, अशा मताची मी होते.

आता मात्र दोन्ही माझ्यासमोर आहेत, म्हणून दोन्ही देते. पहिला निरोप कोटमास्तरांचा. ते फोनमध्ये बोलतात, फोन लिहून घेतो.

*लिहिलं:* ए बुटक्या, एकोणीस पायऱ्या चढून चढून माझे गुडघे गेले. कोटाला दोरा जास्त लागतो, दिवसातून सात वेळा खाली उतरतो मी. तुला डोळे आहेत की काजं? एका शब्दाने विचारलंस का कधी? मी चाललो. आणि टेबल माझं.

*पोचलं:* प्रिय सहकारी, काही व्यक्तिगत सोयींमुळे मी स्थलांतराचा विचार करत आहे. आपल्या प्रदीर्घ सहवासाबद्दल मी कृतज्ञ आहे. टेबलाविषयी सवडीने बोलू या.

फ्रॉकमास्तरांनी हे चार वेळा वाचलं. एकतीस वर्षांत त्यांना कोटमास्तरांकडून 'प्रिय' आलं नव्हतं, 'सहकारी' आलं नव्हतं, आणि 'कृतज्ञ' हा शब्द तर त्यांना फक्त निरोपसमारंभात ऐकल्याचा आठवत होता. त्यांना घाम फुटला.

*लिहिलं:* हे कोण लिहितंय? तो लांबडा बांब्या असं बोलत नाही. त्याला काय झालंय? दवाखान्यात असेल तर कुठल्या, ते सरळ सांगा.

*पोचलं:* आपल्या प्रकृतीची मला काळजी वाटते. आपण सध्या कुठे असता, हे कृपया कळवावं.

आता तुम्हीच बघा. तीन महिने तोंड फिरवून बसलेला माणूस एक दिवस अचानक तुमच्या तब्येतीची चौकशी करतो आणि तुम्ही कुठे सापडाल ते विचारतो. कोटमास्तरांनी दाराला आतून कडी घातली.

*लिहिलं:* कुठे असतो म्हणजे? माणसं पाठवतोस का अंगावर? तूच ये. कात्री माझ्याकडेही आहे.

*पोचलं:* आपण स्वतः येऊन भेटावं, अशी माझी फार इच्छा आहे. जे आपल्याकडे आहे, ते माझ्याकडेही आहे.

फ्रॉकमास्तर मटकन खाली बसले. शेवटची भेट मागतोय, आणि जोडीला काहीतरी अध्यात्म सांगतोय, असं त्यांच्या मनाने घेतलं. दुपारी दुकान उघडल्यावर त्यांनी खोली तपासली. खडूची ताजी पूड पडलेली होती. इस्त्री कोमट होती. पण इस्त्री कोमट आहे म्हणजे माणूस बरा आहे असं होत नाही, असं त्यांनी नंतर मला बजावून सांगितलं.

इकडे माझ्या पडद्यावर परस्पर सद्भावनेचा काटा चौऱ्याण्णववर गेला होता. इतका वर तो आजवर कधी गेला नव्हता. मी बाबांना हाक मारून दाखवला. ते म्हणाले, दोन्ही संघ एकमेकांना एवढी वाट देत असतील तर कुणीतरी पैज लावलेली असते.

रकाना ४. तडजोडीचा प्रस्ताव

वस्तू विभाज्य आणि सद्भावना चौऱ्याण्णव, म्हटल्यावर प्रस्ताव यंत्रानेच तयार केला. टेबलाचे मध्यावर दोन भाग करावेत, एकेक भाग एकेकाला. हरकत घ्यायला अठ्ठेचाळीस तास. हरकत आली नाही तर ती संमती धरली जाते आणि आमच्या यादीवरच्या सुताराकडे कामाचा हुकूम आपोआप जातो. मी त्यात फक्त एक ओळ स्वतःच्या मनाने घातली: 'याने दोघांनाही सारखंच समाधान लाभेल.' ही ओळ खरी ठरली, हे मी अहवालात नमूद केलं आहे.

हरकती आल्या. दोन्ही आल्या, आणि पहिल्या तासातच आल्या.

*लिहिलं, कोटमास्तर:* थोरल्या मास्तरांच्या टेबलाला करवत लावायची असेल तर आधी माझ्यावरून न्या.

*पोचलं:* थोरल्या मास्तरांच्या स्मृतीला वंदन करून, या कामात आधी मला सहभागी करून घ्यावं.

*लिहिलं, फ्रॉकमास्तर:* ही अक्कल ज्याच्या डोक्यातून निघाली, ते डोकं आधी मधोमध कापा.

*पोचलं:* या कल्पनेमागे मोठं डोकं आहे. मधोमध कापणं योग्य होईल.

आमचं यंत्र हरकतींचं वर्गीकरण करतं, पण ते पोचलेला निरोप वाचून करतं, लिहिलेला नव्हे. हे मला माहीत होतं. प्रशिक्षणात सांगितलं होतं, मी वहीत उतरूनही घेतलं होतं. त्याने नोंद केली: 'पक्ष एक, अनुकूल. पक्ष दोन, अनुकूल, उत्साही.' मग दोघांनाही कळवलं की समोरच्या पक्षाने प्रस्तावाला मनापासून संमती दिली आहे. मी लॅपटॉप मिटला आणि दोन दिवस दुसरी भांडणं मिटवली.

रकाना ५. अंमलबजावणी (मध्यस्थाने पडद्यावर हजर राहणं बंधनकारक)

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला सुताराचा व्हिडिओ कॉल आला. त्याने फोन शर्टाच्या खिशात असा ठेवला होता की कॅमेरा बाहेर डोकावेल. त्यामुळे ती खोली मला पहिल्यांदा दिसली ती सुताराच्या छातीच्या उंचीवरून, श्वासाबरोबर वरखाली होताना. माणूस शांत होता. त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं, ते मला आवडलं.

"मॅडम, याला खिळे आहेत," तो म्हणाला.

टेबलाच्या दोन्ही लांब कडांवर पितळी खिळे ठोकलेले होते, डोकी घासून घासून पिवळी झालेली. थोरल्या मास्तरांनी ठोकलेले. कोटमास्तरांच्या कडेला दर इंचाला एक, कारण त्यांचा हिशेब इंचांत चालतो. फ्रॉकमास्तरांच्या कडेला सेंटिमीटरचे. या दुकानात कुणी टेप उलगडत नाही. कापड कडेवर धरलं की माप झालं. सुताराने इंचांचे खिळे मोजले. एकशे बासष्ट. निम्मे केले तर एक्क्याऐंशी. मग त्याने विचारलं की पुढचा अर्धा कुणाला द्यायचा, कारण त्याच्यावर माप एक्क्याऐंशी इंचांपुढे सुरू होणार, आणि इतकं मोठं गिऱ्हाईक निदान त्याच्या तरी पाहण्यात नाही.

मी म्हटलं, पण ती दोन टेबलं आहेत ना? मधे फट आहे ना?

त्याने ती काळी रेघ चिमटीत धरून उचलली. ते इलॅस्टिक होतं. अबोला धरल्यावर फ्रॉकमास्तरांनी ते सरहद्द म्हणून ताणून बसवलं होतं. खाली टेबल सलग होतं, एकाच झाडाचं. सुताराने सोडलं तसं ते टप्पकन परत बसलं. माझ्या गालावर बसल्यासारखं वाटलं.

"मध्य मोजायलाच नको," तो म्हणाला. "दोन्हीकडे कडेला खड्डे पडलेत, अगदी समोरासमोर. पोट टेकून टेकून झालेत वाटतं. एक वर आहे, एक खाली. तिथूनच घेतो."

चित्राच्या कोपऱ्यात स्टुलावर एक उंच माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेला दिसत होता. मी सुताराला म्हटलं, त्यांना विचारा, त्यांची खरंच हरकत नाही ना. त्याने विचारलं आणि उत्तर आणलं: "ते म्हणतात, त्याला तोडायचंय ना, तर तोडू दे."

त्याला म्हणजे कुणाला? तेव्हा मी नोकरीत पहिल्यांदा 'मूळ' दाबलं.

सगळी दाबली. वर दिले आहेत ते निरोप मी त्या दिवशी, त्या खुर्चीत, एका दमात वाचले. बाबा मागे येऊन उभे राहिले होते आणि माझ्या खांद्यावरून वाचत होते. सगळं झाल्यावर ते पहिल्या निरोपाकडे परत गेले. "याचे गुडघे दुखतात," ते म्हणाले. "एवढंच आहे."

मी सुताराला हाका मारल्या. पण त्याने कानांवर ती जाड झाकणं चढवली होती आणि मध्यावरचे खिळे उपटायला घेतले होते. मग मी त्याला निरोप पाठवला. घाईत एक गोष्ट विसरले: माझेही निरोप त्याच यंत्रातून जातात.

*लिहिलं, मध्यस्थ:* थांबा! कापू नका!

*पोचलं:* घाई नाही. मन लावून कापावं.

सुताराने निरोप वाचला, मान डोलावली आणि फोन खिशात उलटा ठेवला. पडद्यावर काळोख पसरला. त्या काळोखात पितळी खिळा ताटलीत पडल्याचा आवाज आला. मग आणखी एक.

रकाना ६. मध्यस्थ घटनास्थळी गेला काय? असल्यास का?

गेले. बाबांच्या स्कूटरवर, मागे बसून. व्हिडिओ कॉलसाठी मी वरती इस्त्रीचा शर्ट घालते. खाली काय असतं ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. खाली पायजमा होता, स्वतः शिवलेला, घराच्या उंबऱ्याबाहेर कधी न

बघा, इथे अडीचशे अक्षरं संपली. फॉर्ममध्ये ते वाक्य असंच तुटून राहिलं आहे.

वाटेत मला एकच आकडेमोड सुचत होती. दुकान घरापासून अकरा मिनिटांवर, आणि उपटायचे खिळे दोन्ही बाजूंना मिळून किती? बाबा लाल दिव्याला थांबले. मी म्हटलं, बाबा, कुणी बघत नाहीये. सत्तावीस वर्षांच्या पंचाने मागे वळून माझ्याकडे असं काही पाहिलं की मी दिवा हिरवा होईपर्यंत गप्प राहिले.

जिन्याच्या पहिल्या पायरीवरच करवतीचा आवाज ऐकू आला. एकोणीस पायऱ्या. नवव्या पायरीवर मला कोटमास्तरांची बाजू पटली. अकराव्या पायरीवर मी त्यांच्या बाजूने निकाल दिला असता.

खोलीत भुसा उडत होता. करवत टेबलात उतरली होती. मी ओरडले, हात हलवले, सुताराची पाठ माझ्याकडे होती. मग माझ्या मागून, दाराच्या चौकटीतून, बाबांनी शिट्टी वाजवली.

ती शिट्टी मी लहानपणी मैदानावर ऐकलेली आहे. बंद खोलीत ती कशी लागते, ते माहीत नव्हतं. सुताराची करवत थांबली. कोटमास्तर स्टुलावरून उभे राहिले. खाली रस्त्यावर एक टेम्पो जागच्या जागी थांबला आणि त्याचा ड्रायव्हर दोन्ही हात वर करून बघत राहिला. बाबांनी सुताराकडे बोट केलं आणि मग बाहेरच्या दाराकडे. आपण कुठल्या संघाचे हे न विचारताच सुतार करवत घेऊन बाजूला झाला.

टेबल चार बोटं कापलं गेलं होतं. कोटमास्तरांच्या खड्ड्यापासून सरळ आत.

कोटमास्तरांनी खाचेत बोट घातलं, भुसा काढला आणि तो कुठे टाकावा ते न कळल्यासारखा हातातच धरून ठेवला. मला बोलायला हवं होतं. मी भांडणं मिटवते, दोनशे अकरा. पण समोर पडदा नव्हता आणि माझं तोंड नेमकं कुठल्या कोपऱ्यात ठेवायचं तेच मला सुचेना.

जिन्यात धाडधाड पावलं वाजली. फ्रॉकमास्तर. त्यांनाही हुकमाची सूचना गेली होती. ती उघडून बघेपर्यंत उशीर झाला होता. ते दारात येऊन धापा टाकत उभे राहिले. टेबलाकडे त्यांनी बघितलंच नाही.

"तू जिवंत आहेस?"

"का? तुझी काय वेगळी तयारी होती?"

"मेल्या," फ्रॉकमास्तर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला, "तीन रात्री डोळा लागला नाही माझा. प्रिय म्हणे. सहकारी म्हणे. मला वाटलं, डोक्यात रक्तबिक्त साकळलं तुझ्या."

"मी कशाला म्हणेन तुला प्रिय? मी बुटक्या लिहिलं होतं. पहिलाच शब्द."

"खरंच?"

"या बाईंना विचार. फोनवर फोटो येतो, त्याच या मध्यस्थ."

मी मान हलवली. माझ्या कारकिर्दीतली पहिली साक्ष.

मग ते भांडले. मी रोज भांडणांत असते, पण भांडण असं कधी ऐकलं नव्हतं. सगळं सांगत नाही. त्यात दोन्ही घरांतल्या सासऱ्यांचा उद्धार झाला, एका लग्नातल्या कोटाची बाही निघाली, आणि काजं तिरकी कोण करतं हा प्रश्न तीनदा येऊन गेला. पण प्रत्येक शिवीबरोबर ते टेबलाच्या जवळ सरकत होते, आणि शेवटी दोघं आपापल्या खड्ड्यात पोट टेकवून उभे राहिले. फ्रॉकमास्तरांनी पायाने चाचपून खालचा लाकडी पाट पुढे ओढला, त्यावर चढले आणि मग पुढचं वाक्य बोलले.

"तोडायला हो म्हणालास. मास्तरांचं टेबल."

"हो तू म्हणालास. लेखी आलंय मला."

दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेला 'स्नेहपूर्ण' लावायची सोय नव्हती.

इथे बाबा पुढे झाले. त्यांनी कोटमास्तरांना एकच प्रश्न विचारला, फाउल आधी कुणी केला. कोटमास्तरांनी त्या खाचेवरून अंगठा फिरवला.

"गुडघ्यांनी," ते म्हणाले. "दोऱ्याला सात वेळा उतरायचं, सात वेळा चढायचं. हा इथे उभा असतो. एकदा म्हणाला असता, थांब, मी आणतो. लेकीकडे कुणाला जायचंय? तिथे दिवसभर टीव्ही चालू असतो."

"मला सांगायचंस."

"सांगितलं की! लिहून सांगितलं!"

पुन्हा दोघांनी माझ्याकडे बघितलं.

बाबांनी घड्याळ बघितलं, सवयीने. निकाल द्यायला त्यांना अर्धं मिनिट लागलं. यापुढे दोरा कुणाचाही संपो, खाली फ्रॉकमास्तर जातील. कोटमास्तर सकाळी एकदा चढतील आणि संध्याकाळी एकदा उतरतील. टेबल आहे तिथे राहील. इलॅस्टिक काढावं आणि फ्रॉकच्या कमरेला लावावं. कुणाला काही म्हणायचंय का, असं त्यांनी विचारलं नाही. दोघांच्याही चेहऱ्यावर नाराजी दिसली, तेव्हा ते समाधानाने मागे सरले.

सुतार कोपऱ्यात उपटलेले खिळे ताटलीत घेऊन बसला होता. त्याने आपणहून विचारलं, परत ठोकू का. दोघं एकदम म्हणाले, तू हात लावू नकोस, आणि खिळ्यांवरून लगेच दुसरं भांडण सुरू झालं: ऐंशीवा कुठला आणि एक्क्याऐंशीवा कुठला.

निघताना फ्रॉकमास्तरांची नजर खाली गेली. मग कोटमास्तरांचीही. दोघं माझ्या पायजम्याकडे बघत होते.

"डावा पाय मोठा आहे," फ्रॉकमास्तर म्हणाले. "अडीच सेंटिमीटर."

"एक इंच," कोटमास्तर म्हणाले.

तीन महिन्यांत त्यांचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं होतं. मध्यस्थ म्हणून माझं योगदान विचाराल, तर ते हे.

रकाना ७. वाद कोणत्या टप्प्यावर मिटला? (बोलणी / मध्यस्थी / लवाद)

या रकान्यापुढे मी दोन दिवस बसून होते. 'मध्यस्थी'वर टिचकी मारली असती तर कुणाला कळलं नसतं. बाबा भाजी निवडत होते, माझ्याकडे बघतही नव्हते. पंच असाच मुद्दाम बघत नसतो. मी 'लवाद'वर टिचकी मारली. कोपऱ्यातल्या शून्याचा एक झाला. बाबा म्हणाले, चला, खातं उघडलं.

रकाना ८. मध्यस्थाने घेतलेला धडा (ऐच्छिक)

ऐच्छिक आहे, म्हणून रिकामा सोडला.

खरं तर हे सगळं इथेच संपायला हरकत नव्हती. मधून दुकानाची बातमी येते. सुताराला बाबांचा नंबर हवा होता, त्यानेच सांगितलं. ती चार बोटांची खाच तशीच आहे, तीत आता कात्री उभी ठेवतात. कुणाची ठेवायची यावर रोज बोलाचाली होते. फ्रॉकमास्तर दिवसातून नऊ वेळा खाली जातात, कारण कोटमास्तरांना आता दोऱ्याचा रंग आधी सांगायचं आठवत नाही.

पण आज सकाळी खातं उघडलं तर प्रकरण क्रमांक दोनशे तेरा. तक्रारदार: दोन शिंपी, संयुक्तपणे. विरुद्ध पक्ष: मी. मध्यस्थ कुणीतरी नवा आहे, उत्साही दिसतो, कारण त्याने पातळी 'स्नेहपूर्ण' लावली आहे. आणि पक्षकाराला 'मूळ' बटण नसतं. मी शोधलं. खरंच नसतं.

*लिहिलं:* (ही माहिती पक्षकाराला दिसत नाही.)

*पोचलं:* प्रिय ताई, टेबलाकडे नजर गेली की आम्हाला आपली आठवण येते. आपल्या डोक्याविषयी आणि पायजम्याविषयी आमच्या भावना अतिशय उत्कट आहेत. आपण एकदा दुकानात यावं आणि त्या खाचेजवळ थोडा वेळ उभं राहावं, अशी आमची एकमुखी इच्छा आहे. कात्र्या तयार आहेत.

मी बाबांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. 'एकमुखी' वाचताना ते जरा थांबले आणि म्हणाले, हे बरंय. मग ओट्याजवळच्या कप्प्यातून शिट्टी काढून त्यांनी गळ्यात घातली.

"चल," ते म्हणाले. "पण पायजमा बदल."